टायरची निगा : शेतीच्या अवजारांतील एक दुर्लक्षित अंग

खंडेनवमीस शेतकरी आपल्या अवजारांची पूजा करतो. नांगर, वखर, पाभर, कोयता आणि विळा यांच्या ओळीत आता विजेचा पंप, फवारणीयंत्र आणि मोटारसायकल यांनाही स्थान मिळाले आहे. येवला तालुक्यात आंदरसुलापासून राजापुरापर्यंत कोणत्याही गावी त्या सुमारास गेल्यास मोटारसायकलीच्या हँडलास झेंडूची माळ बांधलेली दिसते. मोटारसायकल ही चैनीची वस्तू नसून शेतीचे अवजार आहे, हा निर्णय लोकांनी अशा रीतीने स्वतःच देऊन टाकला आहे. तथापि अवजार म्हणून तिची पूजा होत असली, तरी अवजार म्हणून तिची निगा राखली जात नाही. आणि या हेळसांडीचा सर्वांत मोठा भाग तिच्या टायरांच्या वाट्यास येतो.

नांगराचा फाळ बोथट झाला की तो लोहाराच्या भात्याकडे जातो. बैलाच्या खुराची पत्री झिजली की बैल लंगडण्यापूर्वी ती बदलली जाते. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली की तिचा खडखडाट ऐकूनच जाणता शेतकरी गाडी थांबवीत असे, आणि वंगण घातल्यावाचून ती लांबच्या बाजारास निघत नसे. हा विवेक पिढ्यान् पिढ्या चालत आला. गाडीची जागा मोटारसायकलीने घेतली तेव्हा तो विवेकही तिच्याबरोबर यावयास हवा होता. पण तो गाडीबरोबर मागेच राहिला. टायर ही ‘फुटेल तेव्हा पाहू’ अशी वस्तू मानली गेली. बैलगाडी ताशी चार किलोमीटर चालत असे आणि मोटारसायकल पन्नास किलोमीटर धावते, एवढा एकच फरक ध्यानी घेतला तरी या समजुतीतील धोका कळून येईल.

तळहाताएवढा आधार

हवेच्या टायरचा इतिहास शेतकऱ्यास आपलासा वाटावा असा आहे. बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. तो व्यवसायाने पशुवैद्य होता, आणि आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून त्याने हा खटाटोप केला होता. त्यापूर्वी रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्ये तशीच कल्पना मांडली होती, पण ती व्यवहारात रुजली नव्हती. डनलॉपच्या युक्तीचे मर्म असे की, भार खरोखर रबर वाहत नाही, तर रबरात कोंडलेली हवा वाहते. रबर हे केवळ त्या हवेचे पोते होय.

हे मर्म एका साध्या हिशेबाने पटते. मागील चाकावर १०० किलो भार आहे आणि टायरातील हवेचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ किलो, म्हणजे सुमारे २८ पौंड आहे, असे धरू. तर स्थूलमानाने ५० चौरस सेंटिमीटर एवढाच टायर जमिनीस टेकलेला असतो. हे क्षेत्र एका तळहाताहून मोठे नाही. गाडीचा वेग वाढविणे, तो थांबविणे, वळण घेणे आणि तोल सावरणे ही चारही कामे दोन चाकांखालील अशा दोन तळहातांवर चालतात. मोटरगाडीचा एक टायर दगा देऊ लागला तर उरलेले तीन तिला काही क्षण तरी उभी धरतात. दुचाकीस अशी सवड नाही.

शिवाय मोटारसायकल केवळ हँडल फिरवून वळत नाही. ती कलून वळते. म्हणूनच तिच्या टायरची पाठ मोटारीच्या टायरासारखी सपाट नसून गोलसर असते. गाडी कलली की टेकण्याची जागा मध्यावरून कडेकडे सरकत जाते, आणि हे सरकणे जितके सुरळीत होईल तितके वळण निर्धोक होते. टायरची हवा, त्याची झीज आणि त्याचे वय या तिन्ही गोष्टी याच सुरळीतपणावर परिणाम करतात.

हवा आणि भार

टायरात हवा कमी असली म्हणजे त्याच्या बाजू प्रमाणाबाहेर दबतात. पुढील टायरात हवा कमी असेल तर हँडल जड लागते आणि गाडी वळणावर सांगितल्यासारखी वळत नाही. मागील टायरात ती कमी असेल तर गाडीची पाठ डुलते. बाजूंच्या सततच्या दबण्याने रबर आतून तापते, ट्यूब रिमवर सरकते, आणि अखेर व्हॉल्व्हच्या बुडाशी ती फाटते. ‘हवा थोडी कमी ठेवली की गाडी मऊ चालते’ अशी समजूत कित्येक ठिकाणी रूढ आहे. तो मऊपणा म्हणजे टायरच्या बाजू पिचत असल्याची खूण होय. याउलट, पेट्रोल वाचावे म्हणून प्रमाणाबाहेर हवा भरणारेही आढळतात. अशा टायरची टेकण्याची जागा आक्रसते, मुरमाच्या रस्त्यावर चाक उड्या घेते, आणि ब्रेक दाबताच ते घसरते.

योग्य प्रमाण कोणते, हे शोधण्यास दूर जावे लागत नाही. गाडीच्या पुस्तिकेत, आणि पुष्कळदा साखळीच्या आच्छादनावर किंवा मागील चाकाच्या दांड्यावर चिकटविलेल्या पट्टीवर, ते छापलेले असते. पुष्कळशा १०० सीसीच्या गाड्यांत ते पुढे २५ पौंड आणि मागे २८ पौंड यांच्या आसपास असते. मागे दुसरा माणूस बसल्यास मागील टायरातील हवा बरीच वाढवावी, असेही त्याच पट्टीवर सांगितलेले असते. मुख्य चूक येथेच होते. एकट्या स्वारासाठी भरलेल्या हवेवर दोन माणसे, एक गोणी आणि फवारणीयंत्र यांचा भार लादला जातो.

दूध घालावयास निघालेल्या शेतकऱ्याचे उदाहरण घ्यावे. ४० लिटरचे दोन भरलेले डबे म्हणजे दुधाचेच सुमारे ८२ किलो. रिकाम्या डब्यांचे वजन धरता तो भार ९५ किलोंच्या वर जातो. त्यात ६५ किलोंचा स्वार मिळविला म्हणजे एकंदर भार १६० किलोंच्या घरात जातो. लहान गाड्यांची वाहनक्षमता स्वारासह बहुधा १३० ते १५० किलोंच्या आसपास असते. टायरच्या बाजूवरही त्याची ताकद कोरलेली असते. आकारानंतर ४२ हा आकडा असेल तर तो टायर १५० किलो भार पेलू शकतो, आणि ४८ असेल तर १८० किलो. तोही हवा पूर्ण भरलेली असताना. गाडीचे स्वतःचे मागील बाजूचे वजन, स्वाराच्या भाराचा बहुतांश आणि दुधाचे डबे यांची बेरीज २०० किलोंपर्यंत सहज पोहोचते. टायर त्या क्षणी फुटत नाही, म्हणून तो भार त्यास सोसतो असा निष्कर्ष काढणे हे आजारी बैल अजून उभा आहे म्हणून त्यास निरोगी समजण्यासारखेच आहे.

भार कोठे बांधला आहे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मागील चाकाच्या आसापलीकडे ओझे गेले की पुढील चाक हलके होते. हलके झालेले चाक वळणाची आज्ञा नीट पाळत नाही आणि हँडल थरथरू लागते. ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, आणि वेग रोखण्याचे मोठे काम पुढील टायरच करतो. तोच जमिनीस अर्धवट टेकलेला असेल तर पुढील ब्रेकवर भरवसा उरत नाही. यास्तव ओझे शक्य तितके पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंस सारखे बांधावे. आणि भार ठरलेल्या क्षमतेहून अधिक असेल तर दोन खेपा कराव्यात.

हवा नेहमी गार टायरात, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी मोजावी. तापमानाबरोबर दाब बदलतो. मे महिन्यात ४० अंशांच्या दुपारी भरलेली २८ पौंड हवा हिवाळ्यात १० अंशांच्या पहाटे, जराही न गळता, २४ पौंडांच्या आसपास उतरते. त्यात ट्यूबच्या रबरातून हवा मुळातच हळूहळू झिरपत असते. अंगठ्याने दाबून किंवा लाथ मारून हवेची पारख करण्याची रीत येथे निरुपयोगी आहे. २० पौंड आणि २८ पौंड यांतील फरक अंगठ्यास कळत नाही. खिशात मावणारे गेज ही महाग वस्तू नव्हे, आणि पेट्रोल पंपावर हवा विनामूल्य मिळते.

येवल्याचे रस्ते

येवला तालुक्याची भूमी एकसारखी नाही. पश्चिमेकडे पालखेड कालव्याच्या पाण्यावर भिजणारी काळी जमीन, तर ईशान्येस राजापूर-ममदापूरकडील अवर्षणाचा माळ आणि मुरमाड वाटा. एकाच दिवसात एकच मोटारसायकल शेताच्या चाकोरीतून निघते, मुरमाच्या वाटेवरून डांबरी रस्त्यास लागते, आणि शेवटी मनमाड-कोपरगाव किंवा नाशिक-छत्रपती संभाजीनगर या वाहत्या महामार्गांवर येते. विंचूर चौफुलीवर अवजड मालमोटारी, शिर्डीकडे जाणारी प्रवासी वाहने आणि कांद्याचे ट्रॅक्टर यांच्यामध्ये शेतकऱ्याची दुचाकी उभी असते. तेथे एका हाताचे अंतर चुकणेही परवडत नाही.

या प्रत्येक वाटेचा टायरास स्वतंत्र जाच आहे. बांधावरील बाभळीचा काटा टायरात मोडून राहतो आणि आठवड्यानंतर ट्यूबपर्यंत पोहोचतो. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळा चिखल डांबरावर येतो आणि त्याचा साबणासारखा थर होतो. पहिल्या सरीत रस्त्यावरील तेल व धूळ एकत्र होऊन तसाच थर बनतो. सुगीत रस्त्यावर वाळत घातलेल्या मक्याचे सांडलेले दाणे चाकाखाली गोट्यांप्रमाणे फिरतात. अशा जागी उत्तम टायरही जपूनच चालवावा लागतो. झिजलेल्या टायरास तर तेथे काहीच आधार नाही.

झीज आणि वय

टायरवरील नक्षी शोभेसाठी नसते. तिच्या खाचांतून पाणी बाहेर फेकले जाते आणि रबर डांबरास भिडते. खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीस आली की टायरचे आयुष्य संपले असे समजावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९४ व्या नियमाने टायरच्या स्थितीविषयी बंधने घातली असून दुचाकीसाठी नक्षीची किमान खोली ०.८ मिलिमीटर ठरविली आहे. ही शेवटची मर्यादा आहे. तेथवर वाट पाहणे शहाणपणाचे नव्हे, विशेषतः मृगाच्या तोंडावर.

झिजेचा दुसरा प्रकार अधिक फसवा असतो. सरळ रस्त्यावर सतत भार वाहिल्याने मागील टायर मध्येच झिजतो आणि त्याची गोल पाठ चपटी होते. असा टायर सरळ चालताना कसलीही तक्रार करीत नाही. परंतु गाडी वळणावर कलली की चपट्या भागाच्या कडेवरून ती एकाएकी कोसळल्यासारखी पुढे झुकते. नवशिका स्वार याचा दोष हँडलास किंवा शॉकअ‍ॅब्सॉर्बरास देतो. हँडलाची दुरुस्ती होते, पैसे खर्च होतात, आणि खरा दोष चाकाखाली तसाच राहतो.

वयाचेही तसेच आहे. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढील दोन वर्ष दर्शवितात. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला आहे. नक्षी शाबूत असली तरी उन्हाने रबर वाळते, बाजूंस बारीक चिरा पडतात, आणि कठीण झालेले रबर रस्त्यास धरत नाही. गाडी शक्यतो सावलीत उभी करावी. डिझेल, रॉकेल व तेल यांचा रबरास स्पर्श होऊ देऊ नये. दसऱ्यास टायर चकाकावेत म्हणून त्यांच्या पाठीवर तेल चोळणे तर अपघातास आमंत्रणच आहे. नवा टायरही पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो. तोवर वळणे सावकाश घ्यावीत.

पंक्चर काढल्यानंतरची एक दक्षता बहुधा विसरली जाते. मागील चाक पुन्हा बसविताना साखळीच्या ताणाच्या खुणा दोन्ही बाजूंस सारख्या आल्या पाहिजेत. अन्यथा चाक तिरके बसते आणि गाडी एका अंगास ओढते. काटा काढल्यावर टायरच्या आतून हात फिरवून दुसरा काटा राहिला नाही ना, हे पाहावे. व्हॉल्व्हचे टोपण हरवले असेल तर नवे लावावे. धुळीचा एक कण व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी हवा रात्रभर गळत राहते.

खर्चाचा आक्षेप

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, कांद्याचा भाव उतरलेल्या वर्षी शेतकऱ्याने टायर बदलावयाचे कोठून? हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच जुना किंवा वरून नवे रबर चढविलेला टायर स्वस्तात घेऊन वेळ निभावली जाते. परंतु वर सांगितलेल्या निगेपैकी बहुतेक गोष्टींस पैसाच लागत नाही. आठवड्यातून एकदा हवा मोजणे, काटे उपटणे, भार नीट बांधणे आणि गाडी सावलीत ठेवणे यांस दहा मिनिटे पुरतात. आणि योग्य हवेचा टायर अधिक टिकत असल्याने ही दहा मिनिटे पैसे वाचवितात. खर्च खरोखर येतो तो टायर बदलताना. त्या खर्चाची तुलना शेजाऱ्याच्या खर्चाशी न करता मोडलेल्या पायाच्या खर्चाशी करावी. कांद्याच्या लागवडीच्या ऐन दिवसांत घरातील कर्ता माणूस दोन महिने खाटेवर पडला, तर तो हंगाम कोणत्याही टायरच्या किमतीत परत मिळत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शेकडा ४४.५, दुचाकीवरील होती. या सर्वांचे कारण टायर होते असे कोणी म्हणणार नाही. वेग, मद्य, अंधार, खड्डे आणि शिरस्त्राणाचा अभाव ही कारणे आहेतच. परंतु संकटाच्या क्षणी गाडी थांबते की घसरते, हे त्या तळहाताएवढ्या रबरावर ठरते; आणि रस्त्यातील खड्डा शेतकऱ्याच्या हाती नसला तरी टायर त्याच्या हाती आहे.

कोणी पाहावे?

प्रश्न केवळ व्यक्तीच्या दक्षतेचा नाही. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते, आणि त्या मुदतीत तिच्या योग्यतेची नियमित तपासणी होत नाही. प्रदूषणाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, पण त्यात धूर पाहिला जातो, टायर नव्हे. म्हणजे मालकाने पाहिले नाही, तर पंधरा वर्षे त्याकडे कोणीही पाहत नाही. ही उणीव गावातील संस्थांनी भरून काढण्याजोगी आहे.

दूध संकलन केंद्रावर दररोज सकाळी त्याच मोटारसायकली त्याच भारासह येतात. तेथे दुधाची स्निग्धता मोजण्याचे यंत्र असते. त्याच्या शेजारी हवेचा पंप आणि एक गेज ठेवणे अवघड नाही. बाजार समितीच्या आवारात लिलावाची वाट पाहण्यात शेतकऱ्याचे तास जातात. तेवढ्या वेळात हवा मोजून देण्याची सोय तेथे करता येईल. फवारणीयंत्राच्या नळीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत अवजारांची निगा शेतकरी मेळाव्यांत समजावून सांगितली जाते, त्या पाठात दुचाकीच्या टायरासही अर्धा तास मिळावा. गावोगावच्या पंक्चर काढणाऱ्या कारागिरास या कामी सामील करून घेणे तर सर्वांत उपयुक्त ठरेल. कारण टायरच्या आत डोकावणारा तोच एकटा माणूस असतो, आणि त्याने सांगितलेले शेतकरी ऐकतो.

ज्याच्यावर घरातील माणसाचा जीव तोलला जातो, ते अवजार फाळाहून अधिक काळजी मागते. मोटारसायकलीच्या टायरची नोंद शेतकऱ्याने आपल्या हंगामी कामांच्या यादीत करावी : मृगापूर्वी नक्षी पाहणे, खरिपाच्या काढणीपूर्वी भाराप्रमाणे हवा ठरविणे, थंडी पडताच ती पुन्हा मोजणे, आणि प्रत्येक आठवड्यास काटे व चिरा तपासणे. ही चार कामे ज्या घरी नेमाने होतील, त्या घरचा माणूस बाजाराहून वेळेवर परत येण्याची शक्यता निश्चितच वाढेल.